बाणाचा उजवा काटा

लिलावघरातले लोक तिला भिंगवाली म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे भिंगवाली. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. या धंद्यात पाठीमागे म्हणतात तेच खरं असतं, तोंडावरचं सगळं पॉलिश.

तिचं काम सांगायला सोपं. जुनं नाणं समोर यायचं आणि ते खरं की खोटं हे तिनं सांगायचं. अख्खं नकली नाणं ओळखणं हा पोरखेळ असतो. वजनात, आवाजात, रंगात कुठंतरी ते स्वतःच बोंब मारतं. डोकेदुखी असते ती अस्सल नाण्यावरच्या खोट्या खुणेची. चांदी खरी, वर्ष खरं, झीज खरी, फक्त टांकसाळीची खूण तेवढी कुणीतरी मागाहून बसवलेली. माणूस अस्सल, पण आडनाव चोरलेलं.

त्या सकाळी टेबलावर आलेलं नाणं जुन्या राजवटीतलं होतं. त्यावर जे वर्ष आहे, त्या वर्षी ते दोन टांकसाळींत पाडलं गेलं. मोठ्या टांकसाळीनं पोत्यांनी पाडलं, त्यावर खूण नाही आणि त्याला कुत्रं विचारत नाही. बंदरावरच्या टांकसाळीनं मूठभर पाडलं आणि पुढं तिला आग लागली. त्या मूठभर नाण्यांवर वर्षाच्या आकड्याखाली एक बाण आहे, तिळाएवढा. त्या तिळापायी शहाणीसुरती माणसं बायकोशी खोटं बोलतात.

तिनं दिवा एका बाजूला कलता केला, नाणं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं आणि बाणाच्या पायथ्यापासून सुरुवात केली. फट नाही, डिंकाचा चकाकता ओघळ नाही. मग कड पाहिली. काही हुशार लोक कडेला भोक पाडतात, आतून सुई घालून धातू वर ढकलतात आणि भोक बुजवतात. तसंही काही नव्हतं. बाणाचं टोक नीट, दांडा नीट. राहिले काटे. बंदराच्या टांकसाळीतला बाणाचा ठसा एका बाजूनं उडालेला होता, म्हणून प्रत्येक खऱ्या नाण्यावर बाणाच्या टोकाचा एक काटा तुटका असतो. इथंही होता. झालं, असं मनाशी म्हणून तिनं दिव्याचं बटण शोधलं आणि तिथंच तिचा हात थांबला.

तुटका होता तो उजवा काटा. तुटका हवा डावा.

तिनं मान मागं घेतली, डोळे चोळले, परत पाहिलं. उजवाच. आधी तिला वाटलं आपण नाणं उलटं धरलंय, पण नाणं सरळ होतं.  खोटं सापडल्यावर एरवी तिला बरं वाटे. शिकारी कुत्र्याला वाटत असेल तसं. आज वाटलं नाही, कारण खोटं सापडल्याबरोबर खोटं करणाराही सापडला होता.

घड्याळजीनं हा बाण केला असता तर डावा काटा तुटला असता. सोनारानं केला असता तरी डावाच. ती माणसं फोटोत दिसतं तसं करतात. दिसेल त्याच्या उलटं करणारी जात जगात एकच आहे: शिक्के कोरणारे. शिक्का उलटा कोरला तरच कागदावर सरळ उमटतो. उभा जन्म उलटं कोरण्यात घालवलेल्या माणसाचा हात स्वतःच वळतो, त्याला विचारत नाही. हातानं शिक्के कोरणारा या शहरात आता एकच माणूस उरला होता. त्याच्या शेजारी बसून ती मुळाक्षरं सरळ वाचायच्या आधी उलटी वाचायला शिकली होती.

तो तिचा थोरला भाऊ होता.

"झालं का?" मालकांनी दारातून विचारलं. मालक म्हणजे लिलावघराचे मालक, स्वभावानं बरे, फक्त प्रत्येक वाक्य घड्याळाकडं बघत बोलायचे.

"उद्या सांगते."

"उद्या नाणं घेणाऱ्या डॉक्टरांसमोरच सांगा मग. नाकारायचं असलं तर कारण पडद्यावर दाखवावं लागेल, माहितीये ना. विकणारा आणि घेणारा, दोघांना."

माहीत होतं. तो नियम तिनंच आग्रहानं करून घेतला होता. पारख करणाऱ्यानं नुसतं 'नाही' म्हणून चालणार नाही, का नाही ते दाखवावं. चांगला नियम. आज तो नियम तिच्या मानेवर बसला होता.

बाहेरच्या बाकावर नाण्याचा मालक बसला होता. त्याला बाजारात सगळे मखमल म्हणत. तो नाणी मखमलीच्या बटव्यातून आणायचा आणि बोलायचाही तसाच. त्याला कुणी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. आवाज चढवणारी माणसं परवडली, ती दमतात.

"काय म्हणतंय आमचं लेकरू?" त्यानं विचारलं.

"अजून बघतेय."

"बघा, बघा. घाईचं काम नाहीये." तो सरकला आणि तिला बसायला जागा केली. ती बसली नाही. "दादा बरे आहेत ना?"

तिनं चमकून त्याच्याकडं बघितलं.

"ताई, या शहरात हातानं बारीक काम करणारा माणूस आणि मी ओळखत नाही असं होत नाही. हात ही फार नाजूक चीज आहे हो. जपायला लागतात. त्या घड्याळजीचं बघा ना, चांगला कलाकार, काय झालं बिचाऱ्याचं." त्यानं बटव्याची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "आणि मी म्हणतो, घरचं काम घरच्यांनीच तपासलेलं बरं. बाहेरचे उगाच नावं ठेवतात."

त्यानं आई-बहिणीवरून शिवी दिली असती तर तिनं तीही पचवली असती. तो हसला, आणि तिच्या लक्षात आलं की हे नाणं चुकून तिच्या टेबलावर आलेलं नाही. ते तिच्याचकडं यावं म्हणून आणलं गेलं होतं. भावाचा हात कात्रीच्या एका पात्याखाली धरलाय, दुसऱ्याखाली तिनं आपला घालावा, एवढंच मागणं होतं. उद्या 'खरं' म्हटलं की ती कायमची त्याची. 'खोटं' म्हटलं तर कारण दाखवायचं, आणि कारण दाखवलं की दादा सापडलाच.

ती दुपारीच निघाली, डोकं दुखतंय म्हणून. ते खोटंही नव्हतं.

दादाचं दुकान रस्त्याला लागून, मागं दोन खोल्यांचं घर. पुढच्या काचेत रबरी शिक्के मांडलेले, सगळे यंत्रावरचे. हातानं कोरलेले कुणी मागत नव्हतं. समोरच्या बंद शटरला टेकून एक माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. हातात पेपर. ती आत जाईपर्यंत त्यानं पान उलटलं नाही.

"तो बघितलास का?" वहिनी गल्ल्यामागून म्हणाली. "आमचा जावई. पोटी मुलगी नसताना मिळालेला. सकाळी येतो, दिवस मावळला की जातो. चहा विचारला तर नको म्हणाला. असला जावई बघितलायस कधी?"

"कधीपासून बसतो?"

"तुझ्या दादाला विचार. मला इथं कोण काय सांगतंय. मी आपली शाई पुसायला." ती हसत होती, पण हातातल्या फडक्याला पीळ घालत होती, आणि फडकं कोरडं होतं.

दादा मागच्या खोलीत खिडकीशी बसला होता. पाठीला पोक, डोळ्याला भिंग, समोर मेणबत्ती आणि लाल लाखेची कांडी. ती आली हे कळूनही त्यानं मान वर केली नाही.

"दादा, बाण तू कोरतोस?"

"कुणी सांगितलं?"

"बाणानंच."

त्यानं भिंग काढून ठेवलं. भिंगाच्या कडेचा लाल वळ डोळ्याभोवती उमटला होता. "मखमल मला म्हणाला, संग्रहालयात मांडायला नमुने हवेत. चांदीचे बारीक बाण. मी म्हटलं बरंय, कुणाला तरी हाताचं काम हवंय. धाकटे, किती वर्षांनी कुणीतरी म्हणालं की हातानंच करा. दुसऱ्या खेपेला कळलं बाण कुठं जातात ते."

"आणि तरी केलेस."

"तिसऱ्या खेपेला नाही म्हणणार होतो. तोंड उघडलं तर त्यानं माझा हात हातात घेतला. दाबला नाही, काही नाही, नुसता घेतला. एकेक बोट बघितलं. म्हणाला, घड्याळजीपेक्षा चांगली आहेत तुमची. दुसऱ्या दिवसापासून तो खुर्चीवाला येतो."

"बसवतं कोण? चिकटवतोस तू?"

"नाणं तो कुणाच्या हातात देत नाही. स्वतःच बसवतो. आधी चिकटवायचा, आता चांदी वितळवून झाळ देतो, भांड्याला डाग देतात तशी. त्याला कुणीतरी सांगितलं, चिकटवलेलं सुटतं म्हणून."

तिनं भिंतीला पाठ टेकली. डिंकाचा ओघळ दिसला नव्हता, तरी येताना सगळा रस्ता तिनं याच एका आशेवर काढला होता. बाण चिकटवलेला असता तर उद्या तिनं नाणं सगळ्यांसमोर वाटीतल्या द्रवात बुडवलं असतं, डिंक विरघळला असता, बाण सुटून तळाशी गेला असता आणि विषय संपला असता. कुणाचा हात कुठं वळतो याची चौकशी करायची वेळच आली नसती. झाळेनं ती वाट बुजवून टाकली होती.

"उजवा काटा तुटलाय, दादा," ती म्हणाली. "डावा हवा."

"छे."

"बघितलाय मी."

"मी प्रत्येक बाण तपासून दिलाय." त्याच्या आवाजात भीती नव्हती अजून, राग होता, कामाला नाव ठेवल्याचा राग. त्यानं खणातून एक बाण काढला, न दिलेला, चिमट्यात धरला. लाखेचा थेंब पाडला, बाण हलकेच दाबला, उचलला. थेंब तिच्यापुढं सरकवला. शेजारी फोटो ठेवला, बंदराच्या खऱ्या नाण्याचा, तळहाताएवढा मोठा करून काढलेला. "हे बघ. डावा तुटका, फोटोत पण डावा. केसाचा फरक दाखव."

फरक नव्हता. लाखेतला बाण फोटोतल्या बाणासारखा हुबेहूब होता. ती त्या लाल थेंबाकडं बघत राहिली आणि तिला रडू यायला लागलं, कारण तो तपासत कसा आला होता ते तिला कळलं. लहानपणापासून तो हेच करत होता. कोरायचं, लाखेत दाबायचं, लाखेत बघायचं. कोरलेल्या वस्तूकडं सरळ बघायची शिक्केवाल्याला गरजच नसते.

"दादा," ती म्हणाली, "नाणं कुणी लाखेत दाबून बघत नाही."

त्यानं लाखेचा थेंब बाजूला सरकवला. मग त्यानं चिमट्यातला बाण खिडकीच्या उजेडात धरला आणि भिंगातून बघितलं, सरळ. चिमटा त्याच्या हातातून पडला नाही, त्यानं तो फार सावकाश खाली ठेवला.

"किती दिलेस असे?"

"जेवढे दिले तेवढे सगळे असेच."

वहिनी दारात उभी होती, कधीची कोण जाणे. "म्हणजे प्रत्येक नाण्यावर सही करून दिलीये यांनी," ती म्हणाली. "बँकेत एक सही कधी जुळली नाही या माणसाची. तिथल्या बाईनं हात टेकले. आणि इथं बघा, एकसारख्या."

कुणी हसलं नाही. वहिनीसुद्धा नाही.

"त्याला कळलं तर तो म्हणणार मी मुद्दाम केलं," दादा म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. "धाकटे, तू उद्या खरं म्हण. तू खरं म्हटलीस की बघणार कोण? तुझ्यामागं कुणी बघत नाही."

"आणि परवा? तेरवा?"

"परवाचं परवा. माझे हात राहू देत. मला दुसरं काहीच येत नाही." तो आपले हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत होता, जणू ते त्याच्याकडं कुणी ठेवायला दिले होते.

वहिनी म्हणाली, "वन्सं, एक विचारते. तू खरं म्हटल्यावर तो खुर्चीवाला उठून जाईल, की अजून एक खुर्ची येईल? तुझ्या दारात?"

तिनं पर्स खांद्याला लावली. बाहेर पडताना खुर्चीवाल्यानं पेपर खाली केला आणि मान किंचित हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

ती घरी गेली नाही. पाय तिला घड्याळजीकडं घेऊन गेले. त्याचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. पूर्वी तो जुनी घड्याळं खोलून लावायचा. आता नुसते पट्टे आणि सेल विकायचा. उजव्या हाताची मधली तीन बोटं वाकडी होऊन बसली होती. गिऱ्हाइकाला सुट्टे देताना तो डावा हात पुढं करायचा.

"शिक्केवाल्याची बहीण ना तू?" तो म्हणाला. "मग तू पट्टा घ्यायला आली नाहीस."

"लोक म्हणतात तुम्ही कामात चुकलात."

"लोकांचं काय जातं." त्यानं गिऱ्हाईक नाही ना बघून घेतलं. "मी चुकलो नाही, बाई. चुकलो असतो तर वाचलो असतो. चुकणाऱ्याला तो हाकलून देतो, चांगलं काम करणाऱ्याला पाळतो. माझं काम इतकं चोख होतं की कुणालाच कळलं नाही. नाणी गेली, मोठ्यामोठ्यांच्या कपाटात बसली. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की यातलं खरंखोटं सांगू शकणारा जगात एकच प्राणी आहे. मी." तो हसला. दात चांगले होते त्याचे. "आमच्या शटरची साखळी तुटली. शटर काय, पडतं. पोलीस पण म्हणाले, शटर पडतं."

"तुम्ही आधीच सांगून टाकलं असतं तर?"

"तर मी जेलात गेलो असतो, दहा बोटांसकट." त्यानं काचेवरून फडकं फिरवलं. "सगळ्यांना ठाऊक झालेल्या गोष्टीसाठी कोण कुणाची बोटं मोडत बसतंय? पण हे मला आता सुचतंय. तेव्हा मला पण वाटलं होतं, गप्प बसलं की भागतं."

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात दार लावून बसली. जिन्यावर पाऊल वाजलं की ताठ व्हायची. पाऊल वर निघून गेलं की परत बसायची. भित्र्या माणसांना लोक उगाच हसतात. भिणारा माणूस सगळं नीट ऐकतो, एवढंच. ऐकता ऐकता तिला कळून चुकलं होतं: दादाचे हात वाचवायचे तर ते लपवून वाचणार नाहीत. ते निकामी करायला हवेत, मखमलच्या लेखी निकामी. आणि ते एकाच रीतीनं होणार होतं.

सकाळी तिनं दादाला सांगितलं तेव्हा तो नाही म्हणाला. मग शिव्या दिल्या. मग म्हणाला, "जेलात माझ्याच्यानं राहवणार नाही." वहिनी तोवर पिशवी भरत होती: त्याच्या गोळ्या, टॉवेल, स्वेटर.

"घरात राहवतंय का?" ती म्हणाली. "काल रात्री मी पाणी प्यायला उठले तर हा माणूस उशीखाली हात घालून झोपलेला. दोन्ही हात. उठा."

दुकानाबाहेर तिघं आली तसा खुर्चीवाला उभा राहिला. उभा राहिला तेव्हा कळलं तो केवढा होता. 

"जावईबापू," वहिनी म्हणाली, "तुमच्या साहेबांनी लिलावघरात बोलावलंय यांना. येताय बरोबर, की इथंच शेकत बसताय?"

त्यानं फोन काढला, लावला. फोन वाजत राहिला. लिलावघरात बैठकीच्या आधी सगळ्यांचे फोन दाराशी ट्रेमध्ये काढून घेतात, मखमलचाही. खुर्चीवाला विचारात पडला. विचार करणं हे त्याचं काम नव्हतं. त्यानं पेपर घडी करून काखेत मारला आणि तो त्यांच्यामागं चालायला लागला. सगळा रस्ता त्याच्या बुटांचा आवाज त्यांच्या पाठीला लागून होता. दादा हात खिशात घालून चालत होता. रस्ता ओलांडतानाही त्यानं ते बाहेर काढले नाहीत.

बैठकीच्या खोलीत मालक होते, डॉक्टर होते, आणि मखमल. डॉक्टर म्हणजे नाणं घेणारे; आयुष्यभर शस्त्रक्रिया केलेला म्हातारा, नाण्यांतलं बरंच कळणारा. दादाला आणि वहिनीला तिनं दाराबाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार उघडं ठेवलं. खुर्चीवाला त्यांच्यासमोर भिंतीला टेकून उभा राहिला.

मखमलला दारातून दादा दिसला. त्यानं भुवई वर केली आणि परत जागेवर ठेवली.

तिनं नाणं पडद्यावर आणलं. बाण हाताएवढा झाला.

"नाणं अस्सल आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "बाण नंतर बसवलाय."

"कशावरून?" मालकांनी घड्याळ बघितलं.

"तुटका काटा बघा."

डॉक्टर पुढं वाकले. चष्मा काढला, घातला. "उजवा आहे," ते म्हणाले. "अरेच्चा. उजवा आहे की."

"ठसे काय एकच असतात होय?" मखमल म्हणाला, अगदी समजावणीच्या सुरात. "दुसरा ठसा असेल. आगीत गेला असेल. कोण सांगणार?"

"बाकी सगळं त्याच ठशाचं आहे," डॉक्टर म्हणाले. "तोच दांडा, टोकाजवळचा तोच ओरखडा. फक्त आरशात बघितल्यासारखं. एवढं देखणं काम करणारा माणूस बाजू चुकेल? मला पटत नाही. बाई, असं कोण करतं?"

हाच तो प्रश्न. तिनं उत्तर पाठ केलं होतं. ओठ उघडले आणि काहीच आलं नाही. मखमल तिच्याकडं बघत होता, टेबलावर त्याची बोटं बटव्याच्या नाडीशी खेळत होती. दोन बोटांभोवती नाडी, आवळली, सोडली.  दादाचं नाव तिच्या जिभेवर होतं आणि जीभ हलत नव्हती. आयुष्यात हजार खोट्या नाण्यांना तोंडावर खोटं म्हणणारी बाई, आणि एक खरं नाव निघेना.

"मी," बाहेरून आवाज आला.

दादा दारात उभा होता. वहिनीनं त्याला ढकललं असेल किंवा तो आपणहून उठला असेल, नंतर दोघांनी दोन तऱ्हा सांगितल्या. त्याचे हात खिशातच होते.

"हे गृहस्थ कोण?" मालक म्हणाले.

"शिक्के कोरतो. हा बाण माझा आहे. असे आणखी आहेत, सगळे उजव्या काट्याचे. यांनी घेतले माझ्याकडनं."

"माणसाची तब्येत बरी दिसत नाही," मखमल म्हणाला. "बहीण-भाऊ आहेत हो हे. काहीतरी ठरवून आलेत. बिचारे."

आणि क्षणभर मालकांच्या चेहऱ्यावर तेच उमटलं: बहीण-भाऊ, ठरवून आलेत. ते बघितल्यावर तिची जीभ सुटली. "कागद द्या त्याला," ती म्हणाली. पडद्यावरचं नाणं तिनं काढलं आणि बंदराच्या खऱ्या नाण्याचा फोटो लावला, डावा काटा तुटका. "दादा, हा बाण काढ. पटकन. विचार करू नकोस."

त्यानं हात खिशातून काढले. थरथरत होते. पण पेन्सिल बोटांत आल्यावर थरथर थांबली, जशी नेहमी थांबायची. तो पडद्याकडं बघत होता, कागदाकडं त्यानं बघितलंही नाही. दांडा, टोक, एक काटा, दुसरा. पेन्सिल खाली ठेवली.

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला. बराच वेळ बघितला. मग उलटा करून खिडकीला धरला, आरपार बघितलं.

"मी तर डावा काढला," दादा म्हणाला. "काढला ना?"

डॉक्टरांनी कागद सगळ्यांपुढं ठेवला. कागदावरचा तुटका काटा उजवा होता.

डॉक्टर खाली बसले. "माझ्या घरी आहे एक," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. "गेल्या वर्षी यांच्याच बटव्यातून आलेलं." मालकांनी तोवर ट्रेमधून आपला फोन उचलला होता आणि पोलिसांचा नंबर लावला होता. त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

मखमल पळाला नाही. त्यानं बटवा घडी करून खिशात ठेवला. दादाजवळून जाताना थांबला आणि त्याच्या खांद्यावरचा कसलासा धागा उचलून टाकला.

"हात जपा," तो म्हणाला.

पोलीस आले तेव्हा खुर्चीवाला कुठंच नव्हता. तो कधी गेला, कुणाला सांगायला गेला, कुणी बघितलं नाही. हवालदारानं दोघांनाही खाली आणलं, मखमलला आणि दादाला, आणि एकाच गाडीच्या मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसवायला लागला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" वहिनी म्हणाली. "या दोघांना एका बाकावर?"

"दुसरी गाडी नाहीये, बाई."

"नाही ना? मग सरका." ती पिशवीसकट आत चढली आणि दोघांच्या मध्ये बसली. चांगली ऐसपैस. हवालदार काही म्हणणार होता, पण तिच्या तोंडाकडं बघून त्यानं दार लावलं. काचेतून भिंगवालीला दिसलं: मखमल वहिनीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होता, हळूच, हसतमुखानं. वहिनी समोर बघत होती. दादाचे दोन्ही हात तिनं पिशवीखाली आपल्या मांडीवर दाबून धरले होते. गाडी वळली.

भिंगवाली फुटपाथवर एकटी उरली. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तिला ओळखीचा वाटत होता, आणि प्रत्येकाच्या काखेत पेपर होता.

ती लिलावघराचा जिना चढली, वर जाऊन तिनं आपल्या खोलीचं दार आतून लावलं, फोन पुढं ओढला. संग्राहक, दलाल, दुकानदार, लिलाववाले, जेवढी माणसं तिला या धंद्यात माहीत होती तेवढी सगळी. अंधार पडायच्या आत जितक्यांना कळेल तितका दादा सुरक्षित. तिनं पहिला नंबर लावला.

"हॅलो, कोण?" पलीकडून एक झोपाळू आवाज आला.

"तुमच्याकडं बंदराच्या टांकसाळीचं नाणं आहे ना," ती म्हणाली. बाहेर जिन्यावर कुणीतरी चढत होतं. तिनं आवाज मोठा केला. "ते काढा आणि भिंग घ्या हातात. मी थांबते."

पावलं वर आली, तिच्या दाराशी मंदावली. ती थांबली नाही, बोलत राहिली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, दाराकडं तोंड करून, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं म्हणून.